खुडूक कोंबडी वेगळी बसवा, पिल्लं मात्र कळपातच वाढवा

प्रश्न कळमनुरी तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, 14 गावरान कोंबड्या, 2 कोंबडे आणि सगळ्यांना मिळून एकच खुराडं. पावसाळ्यात एक कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी देणं थांबवून उबवायला बसली, म्हणून तिच्याखाली 13 अंडी ठेवली, त्यातून 3 पिल्लं निघाली. दोन पिल्लं बाकीच्या कोंबड्यांनी टोचून मारली, तिसरं आठवड्याच्या आत गायब झालं. आता दिवाळी झाली आणि तांबडी कोंबडी चार दिवसांपासून जागची हलायला तयार नाही. तिला कळपातच बसू द्यावं, की पिल्लं निघाल्यावर वेगळी काढून बल्बखाली वाढवावीत, की हा नाद सोडून तयार पिल्लं विकत आणावीत, असं ते विचारतात.

दादा, तिन्हींचं उत्तर आधी थोडक्यात देते. अंडी कळपापासून लांब ठेवायची आणि पिल्लं कळपाच्या डोळ्यांसमोर वाढवायची. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. कोंबडीला गर्दीत अंड्यावर बसू देतात, आणि पिल्लं निघाली की भिऊन दोन महिने कोंडून ठेवतात. मग एक दिवस एकदम मोकळी सोडतात आणि कळप त्यांना परकं समजून फोडून काढतो. जिंतूर तालुक्यात आमच्या आखाड्यावर पंचवीसेक वर्षं कोंबड्या आहेत, आणि हे दोन्ही प्रकार मी स्वतः करून हात पोळून घेतलेत.

आधी तुमच्या 13 अंड्यांचं काय झालं असेल ते बघू. तुम्ही लिहिलंय की शेवटी त्या टोपल्यात 17 अंडी निघाली. म्हणजे चार अंडी दुसऱ्या कोंबड्यांनी मागाहून घातली. भरल्या, उबदार टोपल्यात अंडं घालायला कोंबडीला आवडतं. खुडूक कोंबडी दाणा खायला उठली की दुसरी तिच्या जागेवर जाऊन बसते. परत आलेली खुडकी कधी भांडून जागा घेते, कधी शेजारच्या रिकाम्या टोपल्यात बसते आणि तिला काहीच कळत नाही. इकडं अंडी थंड पडतात, पायाखाली दोन फुटतात, फुटलेल्याचा बलक बाकीच्यांना लागतो आणि त्यांच्या कवचाची छिद्रं बुजतात.

अंडी जास्त झाली की आणखी एक घोळ होतो. कोंबडी दिवसभर चोचीनं अंडी फिरवत असते. मधली कडेला नेते, कडेची मध्ये घेते. म्हणून पोटाखाली मावत नाहीत तेवढी अंडी ठेवली तर फक्त कडेची वाया जातील असं समजू नका. पाळीपाळीनं प्रत्येक अंडं कडेला जातं आणि प्रत्येकालाच गारवा लागतो. सव्वा ते दीड किलोच्या गावरान कोंबडीला हिवाळ्यात 9, फार तर 10 अंडी पुरेत. उन्हाळ्यात 12 चालतात. सासूबाई आकडा विषम ठेवायच्या. मीही ठेवते, कारण विचारू नका.

आता तांबडी खरंच खुडूक आहे का ते ठरवा. दिवसा बसलेली दिसली म्हणजे खुडूक झाली असं नसतं. रात्री नऊ-दहाला कंदील किंवा बॅटरी घेऊन जा. बाकीच्या दांडीवर आणि ही एकटी टोपल्यात असेल तर अर्धी खात्री झाली. हात पुढं केल्यावर पिसं फुलवून खुर्र करते का, टोचते का, आणि तरीही उठत नाही का, ते बघा. पोटाखाली हात घाला. पिसं गळून कातडी उघडी पडलेली आणि गरम लागली पाहिजे. खुडूक कोंबडीची विष्ठाही ओळखू येते. दिवसातून एखाद्या वेळी भलीमोठी, आणि वास असा की शेजारच्या आखाड्याला कळावं. प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलं की कोंबडीचं अंडी देणं थांबतं आणि हा सगळा बदल होतो. विकतच्या सुधारित जातींमध्ये, म्हणजे वनराज, गिरिराज यांच्यात, निवड करत करत ही सवय जवळजवळ घालवलीय, कारण खुडूक बसणारी कोंबडी अंडी देत नाही. कडकनाथही या कामाला कच्चीच. त्यांची अंडी उबवायची असली तरी खाली गावरानच लागते.

माझा एक नियम आहे. पहिल्यांदाच खुडूक झालेल्या तलंगीवर, म्हणजे तरण्या कोंबडीवर, चांगली अंडी लावत नाही. तिला चार-पाच अंडी देऊन शिकू देते. दहाव्या दिवशी कंटाळून उठून गेलेल्या तलंगी मी बऱ्याच पाहिल्यात. तुमची तांबडी दुसऱ्या वर्षाची आहे म्हणता, म्हणजे हरकत नाही.

तिला हलवायचं ते रात्रीच. दिवसा हलवलेली कोंबडी धावत जुन्या जागी परत येते. एका वर्षी मी घाईनं भर दुपारी हलवली, तर दोन तास ओरडत डालगं, म्हणजे वर झाकलेली बांबूची मोठी टोपली, उलटं करायला निघाली आणि संध्याकाळी खुडूकपणाच गेला. अंधार पडल्यावर तिला हळूच दोन्ही हातांनी उचला. उचलण्याआधी पंखाखाली हात फिरवून घ्या, कारण तिथं अंडं अडकलेलं असतं आणि वर घेतल्यावर पडून फुटतं. नव्या जागी आधी दोन-तीन शिळी अंडी ठेवा, त्यावर बसवा आणि वरून डालगं झाका. चोवीस तास ती त्यावर घट्ट बसली की दुसऱ्या रात्री शिळी काढून खरी ठेवायची, सगळी एकाच वेळी. रोज एक-एक अंडं वाढवत गेलात तर पिल्लंही रोज एक-एक निघतील. आई पहिल्या तीन-चार पिल्लांना घेऊन उठून जाईल आणि कवचात चिवचिवणारी बाकीची तशीच गार पडतील. गावाकडं सगळ्यात जास्त नुकसान यातच होतं.

जागा कुठली? आखाड्यावर कोठ्याचा, म्हणजे गोठ्याचा, अंधारा कोपरा असेल तर त्याहून चांगलं काही नाही. पत्र्याखाली बसवू नका. हिवाळ्यात पहाटे पत्रा गार पडतो, आणि मार्चनंतर तर आत भट्टी होते. लोखंडी घमेल्यापेक्षा बांबूची दुरडी किंवा जुनी पाटी घ्या. तळाला चार बोटं माती घालून वाटीसारखा खोलगट आकार द्या, म्हणजे अंडी मध्येच राहतात. त्यावर गव्हाचं भुसकट किंवा हाताने चोळून मऊ केलेला कडब्याचा पाला. सोयाबीनचं भुसकट टोचतं, ते नको. भुसकटाखाली मूठभर कडुलिंबाचा वाळका पाला आणि चुलीची चाळलेली राख घालते मी, उवा-पिसवांसाठी. एकवीस दिवस एका जागी बसलेल्या कोंबडीवर हे किडे इतके माजतात की कधीकधी ती जीव नकोसा होऊन अंडी सोडून जाते. पण पिकावर मारायची पावडर टोपल्यात टाकू नका. असं करून पिल्लांसकट आई गेलेली मी शेजारी पाहिलीय.

अंडी निवडताना एवढं बघा. सात दिवसांच्या आतली हवीत, उन्हाळ्यात तर तीन-चार दिवसांतलीच, कारण हवा चोवीस-पंचवीस अंशांच्या वर गेली की अंड्यातला जीव अर्धवट जागा होतो आणि पुढं नीट वाढत नाही. फ्रिजमधली नकोत. धुऊ नका, कवचावरचा पातळ थर जातो आणि घाण आत शिरते. घाण लागलेलं अंडं सरळ आमलेटला वापरा. फार मोठं म्हणजे दोन बलकाचं, फार लहान, वाकडं किंवा तडा गेलेलं बाजूला काढा. बसवेपर्यंत निमुळतं टोक खाली करून, माठाशेजारी गार जागी, वाटाण्याच्या किंवा हरभऱ्याच्या डाळीत ठेवली तर हलत नाहीत. कोंबडा दहा कोंबड्यांमागे एक पुरतो, त्यामुळं तुमचे दोन भरपूर झाले. पण दोघं सारखे भांडत असतील तर एक कमी करा. भांडणाच्या नादात दोघंही कामाचे राहत नाहीत.

प्रत्येक अंड्यावर कोळशानं किंवा पेन्सिलीनं गोल रेघ ओढा. कोंबडी वेगळी असली तरी एखादी चुकार कोंबडी आत शिरतेच. रेघ नसलेलं अंडं दिसलं की त्याच दिवशी उचला.

बसलेल्या कोंबडीला ज्वारी, मका असा कोरडा, अख्खा दाणा द्या. पालेभाजी, शिळं कालवण दिलं तर पातळ होऊन टोपल्यात घाण करते. दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं ती उठेल, खाईल, पाणी पिईल, राखेत लोळेल. तेवढा गारवा अंड्यांना बाधत नाही. दोन दिवस उठलीच नाही तर उचलून बाहेर ठेवा, नाहीतर बसल्या जागी वाळून जाते. तिच्या फेरफटक्याच्या वेळी कळप दूर रानात चरायला गेलेला असेल तर बरं, म्हणून मी सकाळी कळप सोडून अर्ध्या तासानं डालगं उचलते.

सातव्या रात्री अंडी उजेडावर बघा. मोबाइलची बॅटरी पुरते. मूठ आवळून अंडं तिच्यावर धरायचं. मधोमध काळा ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर अंडं जिवंत. काहीच नाही, पिवळसर स्वच्छ, तर ते फळलंच नव्हतं. लाल कडं दिसलं आणि शिरा नाहीत, तर जीव येऊन गेला. शेवटची दोन्ही काढून टाका. सडलेलं अंडं टोपल्यात फुटलं तर सगळ्या खेपेचं वाटोळं होतं. चौदाव्या दिवशी पुन्हा एकदा बघा, तेव्हा अंडं जवळजवळ पूर्ण काळं आणि रुंद टोकाकडं हवेची पोकळी दिसते. अठराव्या दिवसानंतर हात लावायचा नाही. आतलं पिल्लू बाहेर यायच्या तयारीत वळून बसलेलं असतं.

आभाळ गरजलं की अंडी नासतात म्हणून टोपल्यात लोखंडी खिळा किंवा कोळसा ठेवायची रीत आपल्याकडं आहे. खिळ्यानं बिघडत काही नाही, ठेवा. पण पावसाळ्यातली अंडी का नासतात हे मला बरीच वर्षं बघून कळलं. भुसकट ओलं होतं, घाणेरड्या पायांची कोंबडी अंड्यावर बसते, जंतू आणि बुरशी आत जातात. गडगडाट होतो त्याच दिवसांत हे सगळं चाललेलं असतं, मग नाव गडगडाटाचं होतं. उन्हाळ्यात उलट त्रास. एप्रिल-मेमध्ये आपल्या मराठवाड्यात हवा इतकी कोरडी असते की अंड्यातलं पाणी उडून पिल्लू आतल्या पडद्याला चिकटतं. त्यावर उपाय म्हणजे टोपल्याखालची जमीन किंवा तळाची माती रोज थोडी भिजवायची, अंडी नाही. तुम्हाला आत्ता त्याची काळजी नाही. दिवाळी ते महाशिवरात्र हाच बसवायचा खरा हंगाम. पावसाळ्याचा ओलावा गेलेला, ऊन सोसण्यासारखं, आणि सुगी झाल्यामुळं खळ्यावर दाणा पडलेला. शिवाय डिसेंबर-जानेवारीत निघालेले कोंबडे आखाडात, श्रावण लागायच्या आधी, विकायला येतात. त्या महिन्यात गावरान कोंबड्याला जो भाव मिळतो तो पुन्हा वर्षभर बघायला मिळत नाही.

एकविसाव्या दिवसाच्या आसपास कवचाला चीर पडेल. चीर पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला अर्धा दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. तुमचा हात शिवशिवेल, पण कवच सोलू नका. आतल्या शिरांमधलं रक्त आणि उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जायचा असतो, त्याला वेळ लागतो. घाईनं सोललेलं पिल्लू बेंबीतून रक्त जाऊन मरतं. तो बलक पोटात असल्यामुळंच पहिले दोन दिवस दाण्याची गरज नसते, आणि म्हणून आईही उशिरा निघणाऱ्यांसाठी थांबून राहू शकते. अठ्ठेचाळीस तास झाले की उरलेली अंडी आणि रिकामी टरफलं काढून घ्या.

आता मुख्य मुद्द्यावर येते, कारण तुमची दोन पिल्लं मेली ती इथंच.

कळपात प्रत्येक कोंबडीची एक पायरी ठरलेली असते. कुणी कुणाला टोचायचं, कुणी आधी खायचं, हे सगळं ठरलेलं. एकवीस दिवस बाजूला राहून आलेली कोंबडी आपली पायरी गमावून बसते. पण ती पिल्लं घेऊन आली की वेगळीच असते. गरीब, खालच्या पायरीची कोंबडीसुद्धा पिल्लं झाल्यावर कुत्र्याच्या अंगावर जाते. तिचा हा राग पहिले तीन-चार आठवडे सगळ्यात जास्त असतो. पिल्लांची कळपात सोयरीक जुळवायची ती याच दिवसांत, तिच्या जिवावर. तुम्ही बल्बखाली वाढवलेली दोन महिन्यांची पिल्लं सोडाल तेव्हा त्यांच्या मागं कुणीच नसेल. आईलाही ती ओळखू येणार नाहीत, तीही टोचेल.

मी करते ते असं. पहिले तीन दिवस आई आणि पिल्लं कोठ्यातच, डालग्याखाली. चौथ्या दिवशी अंगणात, कळपाला दिसेल पण शिरता येणार नाही अशी जागा. मी पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, चार हातांचा गोल कुड (कुंपण) करते आणि वर जुनं मासे धरायचं जाळं टाकते. कुंपणाची जाळी असेल तर आणखी चांगलं. कळप बाहेरून बघतो, दोन-चार दिवस कुतूहल असतं, मग कुणी लक्ष देत नाही. दहाव्या-बाराव्या दिवशी, संध्याकाळी, कळप पोट भरून परत आल्यावर, खुराड्यात जायच्या तासभर आधी कुड उघडायचा. भुकेल्या कळपात सकाळी सोडलं तर दाण्यावरून मारामारी होते आणि पिल्लू मध्ये सापडतं. संध्याकाळी पोट भरलेलं असतं, वेळ थोडा असतो, आणि काही बिघडलंच तर अंधार सोडवतो. तीन-चार संध्याकाळी असं केल्यावर दिवसभर सोडा.

दोन-चार टोचण्या बसतील. पिल्लू ओरडून आईकडं पळेल आणि त्या टोचणाऱ्या कोंबडीचा आई समाचार घेईल. मध्ये पडू नका, तोच त्यांचा धडा आहे. रक्त निघालं तर मात्र मध्ये पडा. जिनं रक्त काढलं तिला आठवडाभर डालग्याखाली घाला. परत सोडल्यावर तिची पायरी खाली गेलेली असते आणि मस्ती उतरते. कोंबड्याची भीती बाळगू नका, तो बहुतेक वेळा पिल्लांच्या वाटेला जात नाही. माझ्या अनुभवात सगळ्यात वाईट तलंगी, आणि त्याहून वाईट दुसरी पिल्लंवाली आई. दोघींची पिल्लं वेगवेगळ्या वयाची असली तर मोठ्यांची आई लहानांना मारून टाकते. म्हणून एका आठवड्यात दोन खुडूक झाल्या तर दोघींना एकाच रात्री बसवा. पिल्लं निघाली की पहिल्या-दुसऱ्या रात्रीच अंधारात सगळी एकीच्या पंखाखाली सरकवा. दुसरी चार-आठ दिवसांनी ताळ्यावर येऊन लवकर अंड्यावर येते. तीन दिवसांनंतर हे जमत नाही, आई आपलं-परकं ओळखायला लागते.

खाण्याचं थोडं डोकं लावावं लागतं. पिल्लांना पहिल्या आठवड्यात तांदळाची कणी, ज्वारीच्या बारीक कण्या, उकडलेल्या अंड्याचा चुरा. पण नुसत्या कण्यांवर पंख फुटत नाहीत, त्यांना प्रथिनं लागतात. पिल्लांचं तयार खाद्य परवडत असेल तर एक महिना द्याच. आणि वाळवी. जुन्या मडक्यात शेण, काड्या, कडबा भरून थोडं पाणी मारा आणि वारुळाजवळ किंवा बांधाला उपडं ठेवा. दुसऱ्या दिवशी मडकं वाळवीनं भरलेलं सापडतं. आई एकेक वेचून खाली टाकते आणि पिल्लांना बोलावते, ते बघत बसलं तर सकाळची कामं राहतात. मोठ्या कोंबड्यांना तुम्ही अंड्यावरचं तयार खाद्य देत असाल तर ते पिल्लांच्या तोंडी जाऊ देऊ नका. त्यात कवचासाठी कॅल्शियम पिल्लांना झेपेल त्याच्या तिपटीच्या वर असतं आणि पिल्लांच्या मूत्रपिंडाचं नुकसान होतं. उलटं चालतं: पिल्लांचं खाद्य मोठ्यांनी खाल्लं तर खिसा सोडून काही बिघडत नाही. ते वाचवायचं तर डालगं चार विटांवर उचलून ठेवा, खाली तीन बोटांची फट राहील अशी. पिल्लं आत जाऊन खातात, मोठ्या बाहेरून बघत बसतात.

पाणी उथळ ताटलीत, त्यात गारगोटे टाकून. माझी पाच पिल्लं एका सकाळी शेळ्यांच्या पाण्याच्या टोपात बुडाली होती. तेव्हापासून आखाड्यावरचं प्रत्येक खोल भांडं झाकलेलं असतं.

आपल्या भागातली आणखी एक गोष्ट. कच्चं सोयाबीन आणि सरकी पिल्लांना नको. सोयाबीन कच्चं पचत नाही, सरकीत विषारी द्रव्य असतं. आणि मृगात पेरणीच्या वेळी औषध चोळलेलं लाल-गुलाबी बियाणं बांधावर सांडलेलं असतं, त्यानं अख्खे कळप गेलेले आहेत. पेरणीनंतर आठ दिवस कोंबड्या कोंडा.

तुमचं तिसरं पिल्लू गायब झालं ते दिवसा की रात्री, हे लिहिलेलं नाही. दिवसा गेलं असेल तर घार, शिकरा किंवा कावळा, नाहीतर मुंगूस. रात्री गेलं आणि मागमूस नसेल तर मांजर, घूस किंवा साप. घारीवर उपाय म्हणजे आडोसा. अंगणात दोन-तीन ठिकाणी तुराट्यांचे पेंढे तिरपे उभे करून ठेवा. आईनं इशारा दिला की पिल्लं त्याखाली शिरतात. उघड्या, लोटलेल्या अंगणात आई कितीही शूर असली तरी काय करणार? रात्री पहिला दीड महिना आई दांडीवर चढत नाही, खाली पिल्लांवर बसते. तेव्हा तिला मोठ्या खुराड्यात खाली ठेवलं तर वरच्यांची घाण अंगावर पडते आणि पहाटेच्या गर्दीत पिल्लं तुडवली जातात. रात्रीपुरतं डालगंच बरं, वर दगड ठेवून. भिंतीतलं रुपयाएवढं भोकही बुजवा.

औषधपाण्याचं. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली की खुराडं रिकामं करून जाते, आणि त्यावर लसीशिवाय इलाज नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी या राणीखेतच्याच दुसऱ्या लसीचं इंजेक्शन. देवीची लस साधारण सहाव्या आठवड्यात. बाकीच्या लसी तुमच्या भागात काय चालू आहे ते बघून पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. लासोटाची बाटली शंभर पिल्लांची असते आणि विरघळवल्यावर दीड-दोन तासांत संपवावी लागते. तुमची आठ पिल्लं, म्हणून लोक टाळतात. शेजारच्या चार आखाड्यांना सांगा, एकाच दिवशी सगळ्यांची उरका. बाटली बर्फात आणा. खिशात आणलेली लस म्हणजे पाणी. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात विष्ठेत रक्त दिसलं, पिल्लं पंख पाडून बसली, तर ती रक्ती हगवण. ओलं भुसकट आधी बदला आणि त्याच दिवशी औषध आणा.

तयार पिल्लं विकत आणण्याबद्दल. गाडीवर रंगवलेली पिल्लं विकायला येतात ती घेऊ नका. ती बहुतेक अंड्याच्या जातीतले नर असतात. खातात, पण वजन धरत नाहीत, आणि कुठला रोग घेऊन येतील सांगता येत नाही. सरकारी अंडी उबवणी केंद्राची पिल्लं चांगली असतात, पण त्यांना बल्बची ऊब, वेगळी जागा, सगळंच लागतं. आणि बाहेरून आणलेला कुठलाही पक्षी पंधरा दिवस वेगळा ठेवा. जानेवारी 2021 मध्ये आमच्या परभणी जिल्ह्यात मुरुंबा गावात बर्ड फ्लू निघाला, तेव्हा आसपासच्या गावांनी काय सोसलं ते आम्ही पाहिलंय. एकदम चार-सहा कोंबड्या मेल्या तर उकिरड्यात पुरून गप्प बसू नका, दवाखान्यात कळवा.

दहा अंड्यांतून सात-आठ पिल्लं आणि दोन महिन्यांनी त्यातली पाच-सहा हाताशी राहिली तर मी ती खेप चांगली समजते. सहा ते आठ आठवड्यांनी आईचा तुरा पुन्हा लाल होईल, ती पिल्लांना टोचून दूर करायला लागेल आणि अंड्यावर येईल. तोवर पिल्लांना कळपात आपापली पायरी मिळालेली असते.

तांबडीचं एवढ्यातच ठरवा. चार दिवस झालेत, आणखी आठ-दहा दिवस रिकामी बसली तर हाडं लागतील. आज रात्री दहा वाजता तिला कोठ्यात न्या, शिळी तीन अंडी खाली द्या. उद्या दिवसभर डालगं उचलू नका, नुसता कान लावून बघा. ओरडत फिरत असेल तर या खेपेला सोडून द्या. गप्प असेल तर उद्या रात्री नऊ अंडी, रेघा ओढून.